जादा पाटा

जुनी पिकअप बघायला माणूस गेला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आधी टायरला लाथ मारतो, मग मागचा मालाचा डाला वाजवून पाहतो, आणि कागदांचं बोलणं चहा झाल्यावर निघतं. माझं म्हणणं, कागद चहाच्या आधी. आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असला तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आहे का? फॉर्म २९ आणि ३० वर सही करणारा आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का? ‘बोजा तं कवाच फिटला जी’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सौद्यात ऐकू येतं. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरची नोंद आपोआप पुसली जात नाही. ती कोणीतरी वर्ध्याच्या आरटीओत जाऊन काढावी लागते, आणि आष्टीहून वर्ध्याला जाणं म्हणजे दिवस मोडणं. म्हणून ती राहून जाते, आणि गाडीबरोबर पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते.

*

चेसिस नंबरची पेन्सिल-प्रिंट काढण्याचं काम मला आवडतं. आधी रॉकेलच्या बोळ्याने पट्टीवरचं ग्रीस आणि माती पुसायची, पातळ कागद दाबून धरायचा, पेन्सिल आडवी करून घासायची. काळ्या पट्ट्यातून एकेक पांढरा आकडा वर येतो. आकड्यांची रांग वाकडी दिसली, एखादा आकडा इतरांपेक्षा खोल असला किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असल्या तर सौदा तिथेच सोडायचा. गाडी कितीही गुळगुळीत असो.

*

विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर ‘जेवून येतो’ म्हणून दोन तासांनी परत जावं. सकाळच्या गारठ्यात पहिल्या सेल्फला इंजिन कसं उठतं, त्यात अर्धी परीक्षा होते. उरलेली अर्धी चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून. तिथून धूर फक-फक फेकला जात असेल तर रिंगा गेल्या. मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन बॅक मारते.’ मग किंमत इंजिन कामाचे पैसे वजा करून बोलायची.

*

रेल्वे आष्टीला कधी आलीच नाही. पुलगावहून निघणारी नॅरो गेज आर्वीपर्यंत येऊन थांबायची, आणि तीही कधीची बंद पडली. त्यामुळे इथला कापूस, तूर, संत्रा आधी बंडीवर आणि मग रबरी टायरवर. १९८६ साली टाटा ४०७ आली, १९८८ ला टाटाची पिकअप, २००५ ला टाटा एस, जिला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. मधल्या काळात जीपच्या घराण्यातून महिंद्राची पिकअप वाढत गेली. चाळीस कॅरेटसाठी ट्रक परवडत नाही आणि बंडी वरूडपर्यंत पुरत नाही, या मधल्या जागेत पिकअप बसली ती बसलीच.

*

माझी २००९ची बोलेरो पिकअप, पिवळी पाटी, एमएच ३२. मेकॅनिकल पंपाची. कॉमन रेलची घे, अॅव्हरेज चांगला, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण कॉमन रेलमध्ये हजाराच्या वर बारचा दाब, सेन्सर आणि कॉम्प्युटर. ती गाडी बिघडली की लॅपटॉपवाला शोधावा लागतो. मेकॅनिकल पंपाच्या गाडीला डिझेल, हवा आणि कंप्रेशन मिळालं की ती चालते. डिझेल संपून पाइपात हवा शिरली तरी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे संपेपर्यंत हवा काढता येते. पान्हा आणि चिंधी, एवढ्यावर काम. शेतात उभी राहिलेली गाडी शेतातच दुरुस्त होणं, हा माझ्या हिशेबात अॅव्हरेजपेक्षा मोठा गुण.

*

हे २५२३ सीसीचं इंजिन मुळात ट्रॅक्टरच्या वंशातलं. महिंद्राने १९६३ ला इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर बी-२७५ ट्रॅक्टर बनवायला घेतला. त्याच्या इंजिनाची पुढची पिढी जीपमध्ये आणि पिकअपमध्ये आली. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. विचित्र वाटणारे हे आकडे इंचात केले की सरळ होतात: साडेतीन आणि चार. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांवरही ओढ असते. कोणी ही गाडी मोटारीसारखी रेस करून पळवायला लागला की मिस्त्री मान हलवतो, ‘ट्रॅक्टर हाये भाऊ ते, त्याले नाचवू नका.’

*

आता मुख्य गोष्ट. या गाडीला मी काय काय नवीन केलं असं लोक विचारतात. खरं उत्तर असं की बहुतेक वेळ आधीच्या मालकांनी केलेल्या सुधारणा काढण्यात गेला. जुन्या गाडीत झीज असतेच, ती समजते, तिचा सुटा भाग मिळतो. सुधारणा मात्र लपलेल्या असतात. तार बांधलेली, वॉशर घातलेला, काहीतरी काढून भोक बंद केलेलं. प्रत्येकीमागे कोणाचं तरी डोकं असतं आणि त्या दिवशीची अडचण असते.

*

पहिली सुधारणा: मागच्या कमानीत जादा पाटा. इथे जवळपास प्रत्येक पिकअपला असतो. कमान म्हणजे लांबी कमी होत गेलेले पाटे, मधोमध सेंटर बोल्ट, वरून यू-क्लॅम्प. माल जास्त भरला की डाला बसतो, मागचं चाक मडगार्डला घासतं, म्हणून एक किंवा दोन जाड पाटे आत सरकवतात. गाडी मागून उचलली जाते, रिकामी असताना नाक खाली आणि शेपूट वर. बघणाऱ्याला वाटतं गाडी दमदार आहे.

जादा पाट्याने कमान ताठ होते, गाडीची पेलण्याची ताकद तेवढीच राहते. मागचा धुरा, बेअरिंग, हाउसिंग, टायर, ब्रेक, चेसिसचे रिव्हेट, सगळे पूर्वीचेच. कमान दबायची थांबली की खड्ड्याचा धक्का थेट चेसिसला. माझ्या गाडीत कमानीच्या पुढच्या ब्रॅकेटशेजारी चेसिसला केसासारखी चीर निघाली, रंगाखाली. मिस्त्रीने तिथे वायर-ब्रश मारला, डिझेलचा बोळा फिरवला, पुसला आणि वर खडू घासला. थोड्या वेळात पांढऱ्या खडूवर ओली काळी रेघ उमटली. चिरीत शिरलेलं डिझेल बाहेर येऊन खडूने शोषलं. या तपासाला मशीन लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी मलाही मिस्त्रीने आडवं झोपवून दाखवली. मागच्या धुऱ्याच्या वर, चेसिसला एक छोटा व्हॉल्व असतो, त्याची दांडी धुऱ्याला जोडलेली. माल भरला की डाला खाली येतो, दांडी हलते, आणि व्हॉल्व मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की मागचा ब्रेक कमी, म्हणजे चाक घसरत नाही. जादा पाट्याने डाला वरच राहतो. गाडीत दोन टन माल असला तरी व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे ज्या दिवशी ब्रेक सर्वात जास्त हवा, त्या दिवशी मागचा ब्रेक सर्वात कमी. माझ्या गाडीत आधीच्या कोणीतरी ही दांडी सोडून, वर ओढून, बाइंडिंग वायरने बांधून टाकली होती. म्हणजे एका सुधारणेवर दुसरी सुधारणा. बांधल्यामुळे भरल्या गाडीला ब्रेक मिळत असेल, पण रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात जागेवर धरून गाडी आडवी होणार.

जादा पाटे काढले. मूळ पाट्यांपैकी एक मोडलेला निघाला, तो बदलला, बुश नवे, सेंटर बोल्ट नवा, यू-क्लॅम्प नवे. दांडी जागेवर. थोडा माल भरून चालवल्यावर यू-क्लॅम्पचे नट परत आवळले. हे लोक विसरतात, आणि मग सेंटर बोल्ट तुटून धुरा मागे सरकतो.

*

चिरलेल्या चेसिसला वेल्डिंग हा वेगळा विषय आहे. चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेला आडवं वेल्डिंग मारलं की त्या रेषेशेजारी लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, पुढची चीर तिथूनच. चिरीच्या टोकाला छोटं भोक पाडून ती थांबवायची, मग वेल्ड, मग आतून पट्टी, आणि पट्टीची टोकं तिरकी कापलेली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा सोडायच्या, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. वेल्डरला हे आठवण करून द्यावं लागतं. तो ‘काई होत नाई’ म्हणतोच. आपणच पान्हा घेऊन तार सोडावी.

*

दुसरी सुधारणा: थर्मोस्टॅट काढून टाकलेला. ‘आपल्याइकडं गरमी लय, म्हनून काढतेत.’ आष्टी-आर्वीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे खरं. पण थर्मोस्टॅट इंजिन गरम करत नाही, ते गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, एवढंच. ऐंशी अंशांच्या पुढे तो उघडतो आणि मग असला काय, नसला काय. काढला तर इंजिन हिवाळ्यात तासभर थंडच चालतं, डिझेल जास्त जळतं, अर्धवट जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. उन्हाळ्यात गाडी तापते ती दुसऱ्याच कारणाने.

ते कारण बोअरचं पाणी. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी जड. डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांवर. वरची टाकी सोडवली तेव्हा नळ्यांची अर्धी तोंडं बुजलेली होती. मिस्त्रीने टॉर्च आडवा धरला; ज्या नळीतून खालचा उजेड दिसला ती चालू, बाकीच्या बंद.

रेडिएटर रॉडिंग करून आणला, थर्मोस्टॅट बसवला, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धंअर्धं भरलं. झाकण नवं. झाकण म्हणजे कुकरची शिट्टी: आतला दाब सुमारे एक बार धरून ठेवते म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. माझ्या गाडीला झाकणाच्या जागी आधी रबराचा तुकडा दाबून बसवलेलं एक भलतंच झाकण होतं. दाब धरत नव्हतं, पाणी लवकर उकळायचं, ड्रायव्हर बोअरचं पाणी ओतायचा, थर वाढायचा.

*

तिसरी: फ्यूजच्या जागी तांब्याची तार. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फ्यूजची किंमत चहाएवढी, वायरिंग जळालं की गाडी उभी, आणि डाल्यात कापूस असेल तर गाडीच उरत नाही.

*

कापसाचा विषय निघाला म्हणून. कापूस वजनाला हलका, आकाराने अवाढव्य. डाल्यावर लाकडी जाळी उभारून, ताडपत्री ओढून, वर दोर मारून भरतात. वजनाची मर्यादा ओलांडली जात नाही, उंचीची जाते. वळणावर गाडी झुकते, वाऱ्याला ताडपत्री फुगते. सायलेन्सरचं तोंड कुठे आहे ते अशा वेळी बघायला हवं. माझ्या गाडीचं मागचं नळकांडं तुटून डाल्याच्या खालीच धूर सोडत होतं. ते पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं. क्लच, रंग, हॉर्न, सगळं नंतर.

*

हेडलाइट पिवळट होते. दुकानदाराने शंभर वॉटचे बल्ब पुढे केले. नेहमीचा बल्ब ६०/५५ वॉटचा. जुन्या गाडीत त्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, आणि पंधरा वर्षांच्या गंजलेल्या जोडांमधून. अल्टरनेटरवर १४ व्होल्ट, बल्बवर १२. दाब दहा टक्के पडला की उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. शंभर वॉटचा बल्ब त्याच तारेतून जास्त करंट ओढतो, तार अजून तापते, स्विच वितळतो. त्यापेक्षा बॅटरीपासून जाड तार, दोन रिले, एक फ्यूज, आणि चेसिसला घासून पक्की केलेली अर्थिंग. बल्ब जुनेच ठेवले. रात्री तळेगावच्या रस्त्यावर निघालो तर समोरची रानडुकरं आधीच्या दुप्पट अंतरावरून दिसली. काचही आतून पुसली होती, तिचंही श्रेय आहे.

*

मला न पटणाऱ्या सुधारणा: चार सुरांचा हॉर्न, केबिनच्या कपाळावर निळ्या पट्ट्या, दाराच्या आत चिकटवलेला गालिचा ज्यात पाणी साठून दार खालून सडतं, आणि बंपरपुढे वेल्ड केलेला दुसरा बंपर.

पटलेल्या: सीटखाली पाना-पेटीसाठी कप्पा, डाल्याच्या कडांना दोर बांधायला जास्तीचे हूक, फाळक्याला साखळी.

*

डाल्याचा तळ सडला होता. संत्र्याने नाही, खताने. फाटक्या गोणीतून सांडलेलं खत कोपऱ्यात बसतं, हवेतली ओल ओढतं आणि पत्रा खात राहतं. थोड्या पाण्याने धुतलं तर ते विरघळून पत्र्याच्या जोडांत शिरतं. डाला तिरका उभा करून, भरपूर पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवावा लागतो.

नवा तळ चौकडीच्या जाड पत्र्याचा घाला, असं सगळ्यांनी सांगितलं. तीन मिलिमीटर लोखंडाच्या एका चौरस मीटरचं वजन साडेतेवीस किलो. डाल्याचा तळ सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे एक क्विंटल, चौकडीच्या उंचवट्यांसह त्याहून जास्त. जुना तळ ठेवून त्यावरच हा ठोकतात, म्हणजे सगळा क्विंटल भर. तो रोज, रिकाम्या फेरीतही, डिझेल पिणार. मी सडलेले भाग कापून तेवढेच बदलले, प्रायमर मारला, वर जुनी रबरी चटई. चटई रोज उचलावी लागते. ते होतं असं मी म्हणणार नाही, पण खत भरलं त्या दिवशी नक्की होतं.

*

टॅपेट लावताना मिस्त्री फीलर गेजची पाती ओठांत धरून बोलतो. इंजिन थंड. हेडचं झाकण काढलं की रॉकरची रांग दिसते. क्रँक हाताने हळू फिरवायचा. चार नंबरचे दोन्ही वाल एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटत आणि दुसरा उघडत, की थांबायचं. त्या वेळी एक नंबरचे दोन्ही मोकळे असतात, ते लावायचे. एकचे हलले की चारचे. दोनचे हलले की तीनचे, तीनचे हलले की दोनचे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे म्हणून हे जमतं. पाती आत-बाहेर करताना किंचित ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. ती ओढ किती, हे मी विचारलं. ‘तुमी करा, मी पायतो,’ म्हणाला. मी केलं, त्याने पाती घालून पाहिली, अर्धा चुटका नट मागे घेतला आणि पुढच्या वालाकडे गेला.

झाकण बसवून सुरू केली तेव्हा टकटक गेली होती. थोडी टकटक राहिलेली बरी, असं तो म्हणतो. अजिबात आवाज नसलेला वाल कधी नीट मिटतच नाही आणि जळतो.

*

धूर: काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी दोन मिनिटं ठीक, दिवसभर असेल तर नोझल किंवा हेड गॅस्केट. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत मुभा आहे. पंप ढिला करून जास्त डिझेल सोडलं की चढाला ओढ वाढल्यासारखी वाटते आणि मागचा मोटरसायकलवाला दिसेनासा होतो. ही चौथी सुधारणा. पंपाचं सील तुटलेलं होतं त्यावरून कळली. पंप आणि नोझल टेस्टिंगला अमरावतीला दिले. हे काम बेंचवरच होतं, कानाने होत नाही, कोणी कितीही सांगो.

*

तळेगावजवळचा सत्याग्रही घाट. नागपूर-अमरावती महामार्गावरचा. सह्याद्रीच्या घाटांपुढे तो काहीच नाही असं पुण्याकडचा पाहुणा म्हणाला. बरोबर आहे. पण भरलेली पिकअप न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणाऱ्यांना एवढा उतारही पुरतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांनंतर उकळतं, ओल प्यायलेलं १५५ ला. उकळलं की पाइपात वाफ, वाफ दबते, पायडल तळाला जातं. माझ्या मास्टर सिलेंडरच्या डबीतलं ऑइल काळ्या चहाच्या रंगाचं होतं. ते बदलायला फार खर्च येत नाही, तरी इथल्या गाड्यांत ते गाडीच्या जन्मापासून तेच असतं, कारण संपत नाही ते बदलायचं असतं हे कोणाला पटत नाही.

*

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. रिसोल केलेल्या टायरवरचा पट्टा नवा दिसतो, कणा त्याच वयाचा राहतो. पुढच्या धुऱ्याला रिसोल टायर कधीच नको. मागे, कमी वेगाला, गावातल्या गावात, ठीक.

*

पेंटरने फाळक्यावर ‘शहीद आष्टी’ लिहून दिलं. इथल्या बहुतेक मालगाड्यांवर असतं. १६ ऑगस्ट १९४२ ला इथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, माणसं गेली. गाव तेव्हापासून हे नाव लावतं. तालुक्याबाहेर त्याचा एक व्यवहारी उपयोगही आहे, कारण आष्टी बीड जिल्ह्यातही आहे, आणि नागपूरच्या कळमना बाजारात कोणी विचारलं तर फाळका उत्तर देतो. पेंटरने खाली कमळ, दोन पोपट आणि एक शेर फुकटात देऊ केला होता. कमळ घेतलं.

*

आठ वर्षांपर्यंत मालगाडीचं पासिंग दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. गाडीचं वय वाढत गेलं की फी चढते, आणि महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. २०१९च्या एप्रिलच्या आधीच्या गाड्यांना नव्या नंबरप्लेटा लागल्या, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. हे सगळं वाचून जुनी गाडी परवडत नाही असं वाटतं. नव्या पिकअपचा हप्ता वाचला की परत परवडायला लागते.

ड्रायव्हरच्या लायसन्सचा प्रश्न मात्र सुटला. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडीही चालवता येते. तोवर अपघात झाला की विमा कंपन्या याच मुद्द्यावर भांडायच्या.

*

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे निघतो, मृगाचा फेब्रुवारीनंतर. त्या दोन्ही वेळी आमच्याकडे पिकअपला मागणी आणि ओव्हरलोडची स्पर्धा. एका कॅरेटात वीसेक किलो संत्रा, कॅरेटचं वजन धरून बावीस. दीड टनात अडुसष्ट कॅरेट बसतात. व्यापारी शंभर भरायला सांगतो, आणि भरणारे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण रस्त्यावर काटा नसला की कलम घरी राहतं. मी अडुसष्टच्या पुढे भरत नाही असं सांगितलं तेव्हा व्यापाऱ्याने माझ्याकडे न बघता कमानीकडे बघितलं. ‘पाटे काढले का? कायले? बरी तं होती गाडी.’ तो माल दुसऱ्या गाडीत गेला. मला त्या हंगामात साहूरकडचे दोन बागायतदार मिळाले. त्यांना फेऱ्या जास्त चालत होत्या, पण खालच्या कॅरेटातला संत्रा दबलेला चालत नव्हता. ताठ कमानीवर तो दबतोच. हे गणित व्यापाऱ्यालाही माहीत आहे. त्याचा दबलेला माल शेतकऱ्याच्या नावावर कापला जातो, एवढाच फरक.

*

दसऱ्याला गॅरेजमध्ये पान्ह्यांना हळदकुंकू, जॅकला झेंडूचा हार, वेल्डिंग मशीनला नारळ. त्या दिवशी कोणी बॉनेट उघडत नाही. मी सेल्फचा आवाज सांगायला गेलो होतो, तर बुंदी खाऊन परत आलो.

*

राहिलेली कामं: डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. हँडब्रेकची केबल. गिअर-लिव्हरचा बुश, म्हणजे तिसरा आणि पहिला गिअर वेगवेगळ्या जागी लागतील. स्पीडोमीटर, सध्या वेग समोरच्या एसटीवरून ओळखतो.

*

काढलेले जादा पाटे अंगणात पडून होते. कमानीचं लोखंड चांगलं, लोहार त्याच्या कुऱ्हाडी आणि विळे करतो, धार टिकते. एकाने बघून ठेवले आणि किलोवर भाव सांगितला. मिस्त्री आडवा आला. ‘देऊ नका जी. उद्या गाडी इकाल तं घेनारा पयलेच इचारन, पाटे कुठं हायेत.’ लोहार म्हणाला, मग पैशात नको, एक कुऱ्हाड करून देतो. एक पाटा त्याला दिला, दोन ठेवले.